टायरमाहात्म्य

दगडांच्या वाटेवर गाडी घालणारी दोन माणसे प्रथम भेटतात, तेव्हा पहिला प्रश्न नावाचा नसतो आणि गावाचाही नसतो. ‘किती इंची?’ एवढेच विचारले जाते. 31 म्हणणाऱ्याला सहानुभूती मिळते, 33 म्हणणाऱ्याला सल्ला, 35 म्हणणाऱ्याला मान, आणि 37 म्हणणाऱ्याला वाट. या रिवाजाचे मोल आपण ओळखले पाहिजे. माणसाची सगळी परीक्षा एका आकड्यात उरकत असेल तर घेणाऱ्याचा वेळ वाचतो आणि देणाऱ्याचा अभ्यास. शिवाय तो आकडा टायरच्या कडेवर रबरातच उठवलेला असतो, त्यामुळे कुणाला खोटे बोलता येत नाही. चालकाच्या कसबाला असा छापील पुरावा नाही. ते बघायचे तर त्याच्यामागे अर्धा दिवस उन्हात चालावे लागते.

या परंपरेचे मूळ पीठ कॅलिफोर्नियात आहे. सिएरा नेवाडा पर्वतात जॉर्जटाउनच्या अंगाने लेक टाहोकडे जाणारी रुबिकॉन ट्रेल ही सुमारे 35 किलोमीटरची वाट. ग्रॅनाइटच्या उघड्या पाठी, त्यांतून निखळलेले पेटाऱ्याएवढे धोंडे आणि पाइनची मुळे, असा तिचा संसार. 1953 साली मार्क स्मिथ आणि त्यांच्या जॉर्जटाउनच्या सहकाऱ्यांनी या वाटेने ‘जीपर्स जांबोरी’ काढली. 55 जीप होत्या आणि 155 माणसे. त्या काळच्या विलिस जीपचा ठरलेला टायर 6.00-16 मापाचा, म्हणजे उंचीला जेमतेम 28 इंच आणि रुंदीला सहा. तिच्या 2.2 लिटरच्या इंजिनाची ताकद साधारण 60 अश्वशक्ती. बटण दाबून दोन्ही चाके एकत्र बांधणारा लॉकर त्या जीपला नव्हता. अशी ती माणसे लेक टाहोला निघाली आणि पोचली. आजच्या हिशेबाने ती पोचायला नको होती. म्हणूनच त्या जांबोरीचा गौरव दरवर्षी होतो, पण टायरची चर्चा निघाली की तिचा उल्लेख कुणी करत नाही. पूर्वजांना संकोच वाटेल असे विषय त्यांच्या फोटोसमोर काढू नयेत, ही शालीनता आपल्याकडेही आहे.

त्यानंतरची प्रगती कारखान्यांच्या नोंदींत दिसते. 2003 साली या वाटेचेच नाव घेऊन जीप रँग्लर रुबिकॉन आली, तेव्हा तिला कारखान्यातून मिळालेला टायर 31 इंचांच्या आसपासचा होता. 2007च्या पिढीत तो 32 झाला, 2018च्या पिढीत 33, आणि 2021मध्ये 35 इंची टायर थेट कारखान्यातूनच बसवून मिळू लागला. त्याच वर्षी फोर्ड ब्रॉन्कोही 35 इंची टायर घेऊन उतरली, आणि पुढच्या वर्षी तिच्या रॅप्टर आवृत्तीने 37 गाठले. 1953पासून 2003पर्यंत पन्नास वर्षांत तीन इंच, आणि पुढच्या अठरा वर्षांत चार. डोंगर मात्र तोच. ग्रॅनाइटची उंची या काळात वाढल्याचे कुणी नोंदवलेले नाही. तेव्हा ही सगळी वाढ माणसाच्या बाजूने झाली असे मानायला हरकत नाही.

आता टायर खरोखर काय देतो ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, कारण खोट्या स्तुतीने देवाचेही भले होत नाही. गाडीखाली सगळ्यांत खाली लोंबते ती ॲक्सलमधली डिफरन्शिअलची गोळ्यासारखी पेटी. स्प्रिंग बदलून गाडी कितीही उंच केली तरी ही पेटी तसूभरही वर जात नाही, कारण ॲक्सल चाकांवर बसलेला असतो आणि स्प्रिंग त्याच्या वर. पेटी उचलायची तर चाकच मोठे पाहिजे. हे काम मोठा टायर करतो, आणि दुसरे कुणी करू शकत नाही. शिवाय मोठे चाक दगडाच्या पायरीवर छोट्या चाकापेक्षा सहज चढते, हे ज्याने बैलगाडीचे चाक आणि हातगाडीचे चाक एकाच खड्ड्यात पाहिले आहे त्याला समजावून सांगावे लागणार नाही. फक्त व्यवहार रुपयाला आठ आण्यांचा आहे. 33च्या जागी 37 इंची टायर घेतला की आपण चार इंच विकत घेतो आणि ॲक्सलखाली दोन मिळतात. उरलेले दोन ॲक्सलच्या वर जातात, आणि तिथे त्यांना जागा करून देण्यासाठी फेंडर कापावा लागतो.

फेंडर कापला की मग टायरची खरी दानत कळते. चाक मोठे झाल्याने गिअरचे गुणोत्तर आपोआप लांबते. 4.10चा ॲक्सल 37 इंची चाकावर साधारण 3.66 असल्यासारखा वागतो, म्हणजे सावकाश चालण्यासाठी जी ओढ हवी तीच कमी होते. ती परत आणायची तर दोन्ही ॲक्सलमधले क्राउन आणि पिनियन बदलायचे. स्पीडोमीटर शंभर दाखवतो तेव्हा गाडी एकशे बाराने पळत असते, तोही जुळवायचा. जड चाक थांबवायला ब्रेक अपुरे वाटू लागतात, ते पाहायचे. दगडांच्या फटीत अडकलेल्या चाकाला सोडवताना शाफ्टवर येणारा पीळ त्रिज्येबरोबर वाढतो, म्हणून शाफ्ट जाड घ्यायचे आणि त्यांचे क्रॉसही भारी घ्यायचे. स्टिअरिंगचे रॉड वाकतात म्हणून तेही बदलायचे. आणि पाचवा टायर ज्या मागच्या दारावर टांगायचा, त्या दाराच्या बिजागऱ्यांना त्याचा भार सोसत नाही, म्हणून दारालाही आधार द्यायचा. पाच टायरांचे दोन हजार डॉलर ही केवळ देवळाच्या पायरीवरची दक्षिणा. गाभाऱ्यापर्यंत पोचेतो माणसाने मूळ गाडीतली अर्धी गाडी बदललेली असते. या साखळीवर किती गॅरेजे, किती वेल्डर, किती कुटुंबे चालतात! स्वतःच्या पैशाने इतक्या घरांच्या चुली पेटवणाऱ्या नागरिकाबद्दल वावगे बोलणे बरे नव्हे.

उलट कसब पाहा. त्यात कुणाचा धंदा नाही. टायरमधली हवा रस्त्यावर 35 ते 38 पीएसआय असते, ती दगडांत शिरण्यापूर्वी 15 ते 18पर्यंत उतरवायची. मग टायर पसरतो, त्याचा जमिनीवरचा ठसा लांब होतो, रबर दगडावरून घसरण्याऐवजी त्याला मिठी मारते. यासाठी लागणारे अवजार खिशात मावते आणि वेळ दहा मिनिटे. इतक्या स्वस्तात इतकी पकड दुसरीकडे कुठे मिळत नाही. आणि नेमके म्हणूनच तिला प्रतिष्ठा नाही. हवा काढून आणलेली पकड कुणाला दाखवता येत नाही. संध्याकाळी घरी जाताना हवा पुन्हा भरावी लागते.

पुढे आणखी बिनखर्चाच्या गोष्टी आहेत. गाडी थांबवून उतरणे ही पहिली. उतरून चालत जाऊन वाट पाहणे, वाकून गाडीच्या पोटाखाली पाहणे, आणि आपली डिफरन्शिअलची पेटी डावीकडे आहे की उजवीकडे हे माहीत असणे. पुढच्या ॲक्सलची पेटी बहुतेक जीपना मध्यावर नसते, एका अंगाला असते. ती कोणत्या अंगाला आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला फुकटात काही इंच मिळतात. रस्त्यावर आपण सगळे दगड दोन चाकांच्या मध्ये घ्यायला शिकलेलो असतो, आणि इथे नेमके उलटे करायचे असते. जो दगड पोटाला लागेल इतका उंच आहे, तो चाकाखाली घ्यायचा. सगळ्यांत भीती वाटणाऱ्या धोंड्यावरच मुद्दाम टायर ठेवायचा आणि त्याच्या डोक्यावरून गाडी न्यायची, म्हणजे शेजारचे दगड आपोआप खाली राहतात. हे सांगायला एक वाक्य पुरते. अंगवळणी पडायला काही उन्हाळे जातात, कारण हात जुन्या सवयीने स्टिअरिंग दुसरीकडे वळवत राहतात.

आणि सावकाशपणा. हल्लीच्या रँग्लर रुबिकॉनमध्ये हाताने गिअर टाकायचा असेल, तर पहिल्या गिअरमध्ये आणि लो रेंजमध्ये इंजिनाचे चौऱ्याऐंशी फेरे होतात तेव्हा चाकाचा एक होतो. इंजिन नुसते धुगधुगत असताना ती 33 इंची चाकांची गाडी तासाला दीड किलोमीटरने सरकते. पहिले पाऊल टाकणारे मूल तिच्या पुढे जाईल. इतक्या संथ गाडीत डावा पाय ब्रेकवर हलका ठेवून आणि उजवा पाय ॲक्सिलरेटरवर श्वासाइतका हलवून चाक दगडावर चढवायचे, माथ्यावर क्षणभर धरायचे आणि पलीकडे आपटू न देता उतरवायचे. चाक घसरायला लागले की पाय उचलायचा. घसरणाऱ्या चाकावर आणखी जोर दिला तर गाडी उड्या मारते, आणि उडी मारून खाली येणाऱ्या चाकाला अचानक पकड मिळाली की शाफ्ट तुटल्याचा आवाज होतो. तो एकदा ऐकलेला माणूस जन्मात विसरत नाही. पिस्तुलातून गोळी सुटावी तसा तो असतो, आणि त्यानंतर दरीत फार शांत वाटते.

इतका अभ्यास, इतकी वाकावाकी, इतका संयम, आणि शेवटी दाखवायला काय? काही नाही. चांगला चालवणारा जातो तेव्हा पाहणाऱ्याला वाटते, इथे अवघड काहीच नव्हते. इंजिन ओरडत नाही, रबर जळत नाही, टाळ्या वाजत नाहीत. मोठ्या टायरचा मालक मात्र त्याच जागी धुराळ्यात आणि धुरात चढतो, आणि अवघड काम पार पडल्याचा आनंद सगळ्यांना वाटून देतो. करमणुकीच्या बाजूने पाहिले तर कसब हे अगदी एकलकोंडे आहे.

टायरची सगळ्यांत थोर गोष्ट म्हणजे त्याची क्षमावृत्ती. चालक चुकला, तरी टायर त्याच्या वतीने भरून काढतो. चाकांची ओळ चार इंचांनी चुकली, दोन इंच टायरने भरले, उरलेले ॲक्सिलरेटरने भरले. चालकाला चूक झाल्याचे कळतही नाही. नापास न करणारा शिक्षक ज्यांना लाभला आहे त्यांना ही कृतज्ञता समजेल. त्याच्या वर्गातून सगळे वर जातात आणि कुणाच्या मनाला जखम होत नाही. दहा वर्षांनी एखाद्या अवघड पायरीपाशी तो विद्यार्थी उभा राहतो आणि त्याला एवढेच सुचते की आता 40 इंची घेतला पाहिजे. नाचता न येणाऱ्याने अंगणाला वाकडे म्हणायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. मोठ्या टायरने तिच्यापुढचे पाऊल टाकले. त्याने अंगणाला नावे ठेवली नाहीत, नाचणाऱ्याला अंगणापासून दोन इंच वर उचलले.

पण अंगणही स्वस्थ राहत नाही, आणि इथे मला आवाज थोडा खाली आणावासा वाटतो.

दगडांच्या पायरीशी चाक घसरत फिरते तेव्हा ते पायरीच्या पायथ्याची माती आणि बारीक खडी मागे फेकते. पायरी तेवढीच राहते, तिच्यापुढचा खड्डा खोल होतो, आणि उंची एकदम वाढते. लहान चाक असल्या खड्ड्यात शिरले तर बाहेर येत नाही, म्हणून पुढच्या गाडीला मोठे चाक लागते. ते अधिक ताकदीने फिरते आणि खड्डा आणखी खोल करते. दोन्ही चाके बांधणारा लॉकर असेल, तर दोन्ही बाजूंनी एकदम. काही उन्हाळे असे गेले की जिथून कधी 31 इंची टायर शांतपणे निघून जात होता तिथे 35वालाही अडखळतो, आणि आजूबाजूचे लोक मान डोलावून म्हणतात, बघा, आता ही वाट छोट्या टायरची राहिली नाही. त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे असते. मोठ्या टायरची गरज मोठ्या टायरने स्वतः कष्ट करून सिद्ध केलेली असते. आपल्या मालाला मागणी निर्माण करण्यासाठी इतकी मेहनत घेणारी वस्तू बाजारात विरळा.

ज्यांना त्या पायरीवरून जाता येत नाही, ते बाजूने वळसा घालतात. वळशाखाली गवत जाते, मग झुडूप, मग मातीच. पुढच्या पावसाळी मोसमात ती माती उताराने ओढ्यात उतरते. रुबिकॉन नदीचे पाणी या सगळ्याच्या खाली वाहते. 2009 साली कॅलिफोर्नियाच्या विभागीय जलगुणवत्ता मंडळाने या वाटेबद्दल एल डोराडो काउंटीला आणि वनखात्याला स्वच्छतेचा कायदेशीर आदेश काढला, आणि त्यामागे वाहून जाणारा गाळ, दगडांवर सांडलेले तेल आणि माणसांची विष्ठा अशी तिन्ही कारणे होती. तेव्हापासून गाडीत तेल शोषून घेणारे कापड आणि पिशव्या बाळगा, आपली घाण आपणच परत न्या, हे या वाटेवर प्रत्येकाला बजावले जाते. बाळगणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचे मला मनापासून कौतुक आहे. एवढेच सांगतो, की 37 इंची टायरने पिळून तोडलेल्या शाफ्टच्या नळीतून गिअर ऑइल खाली येते तेव्हा ते घाईने येते, आणि शोषकाची पिशवी सामानाच्या तळाशी असते.

यूटामधल्या मोआबला दगड वेगळा आहे. तिथे वालुकाश्म. कोरडा असला की सँडपेपरसारखा टायरला धरून ठेवतो, आणि त्यामुळे साध्या टायरच्या गाड्याही तिथे अंगाबाहेरचे चढ चढून जातात. तिथल्या गावच्या व्यापारी मंडळींनी 1967 साली ‘ईस्टर जीप सफारी’ सुरू केली, तेव्हा ती माणसे याच भरवशावर निघाली असतील. दगड इतका उदार असूनही त्याच्यावर जागोजागी काळे पट्टे दिसतात. जिथे पाय उचलायचा होता तिथे दाबला गेला, त्याची ती खूण. ऊन आणि पाऊस ती कधी पुसतील ते कुणी सांगत नाही. दगडापलीकडच्या मातीवर काळसर, ठिसूळ, जिवंत कवच असते. शेवाळ, बुरशी आणि सूक्ष्म जिवाणूंनी मिळून विणलेले ते कवच वाळवंटाची माती धरून ठेवते. एका चाकाने ते मोडते आणि पुन्हा विणायला दशके लागतात. टायर जितका रुंद तितका त्याचा पट्टा रुंद. या बाबतीत टायर भेदभाव करत नाही.

आपल्याकडचा वाचक म्हणेल, कॅलिफोर्नियाच्या डोंगराशी आपले काय नाते? नाते जुने आहे. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतलेली जीप हीच विलिस, त्याच 28 इंची टायरांच्या कुळातली. तिचीच नात म्हणावी अशी थार आज नाशिकला तयार होते आणि तिच्या पायात 31 इंचांच्या आसपासचा टायर असतो. 2003च्या रुबिकॉनला जेवढा होता तेवढाच. सुझुकीची जिम्नी तर सव्वासत्तावीस इंचांवर चालते, म्हणजे 1953च्या जीपपेक्षाही कमी. या मापांवर सह्याद्रीतली कुठली दगडी चढण आपल्याला अडली, याची यादी मी अजून कुणाकडून ऐकलेली नाही. तरीही शोरूममधून गाडी घरी येते ती वाटेत टायरच्या दुकानी थांबून. कॅलिफोर्नियाला जे समजायला सत्तर वर्षे लागली ते आपल्याला एका दुपारी समजते, याचा अभिमान वाटायला हवा. तिथले लोक निदान आधी अडकले आणि मग टायर वाढवले. आपण अडकण्याचा वेळही वाचवला.

हे सगळे मी बाहेरून लिहीत नाही. मी उत्तर कॅलिफोर्नियात राहतो, आणि या वाटेवर माझा जीव आहे. पहिल्यांदा गेलो तो 33 इंची मूळ टायरांवर. बक आयलंड तलाव ओलांडला की बिग स्लूसचा उतार लागतो, रुबिकॉन स्प्रिंग्सकडे नेणारा. तिथे एका पायरीवर माझी गाडी पोटावर बसली. गाडीपुढे उभे राहून हातांनी वाट दाखवणाऱ्या, सोबतच्या एका म्हाताऱ्या स्पॉटरने मला मागे घ्यायला लावले, खाली उतरवले, दगडासमोर बसवले आणि म्हणाला, आता मला दाखव काय लागले. मला दाखवता आले नाही. मग त्याने माझा हात धरून ग्रॅनाइटवरच्या खरवडीवर ठेवला. ताजी चंदेरी रेघ, तिच्याखाली जुन्या रेघा, आणि त्यांखाली काळपट पडलेल्या आणखी जुन्या. तीन वेळा मी ती पायरी उतरलो, आणि तिसऱ्या वेळी काहीच लागले नाही. त्या दगडाच्या उजव्या कोपऱ्याला सुपारीएवढा एक पांढरा गारेचा खडा होता. त्याच्यावर उजवे पुढचे चाक ठेवायचे. हे मला अजून पाठ आहे.

दोन वर्षांनी मी 37 घेतले. का घेतले, याचे उत्तर सरळ आहे. सगळ्यांनी घेतले होते. त्या उन्हाळ्यात मी बिग स्लूस उतरलो आणि स्प्रिंग्सला पोचल्यावर लक्षात आले की तो दगड मला दिसलाच नाही. तो कुठेतरी माझ्या चाकांखालून गेला होता. मी गप्पा मारत होतो. मोठ्या टायरने मला दगडापासून वाचवले, आणि दगडाला माझ्यापासून. आता आमची भेट होण्याचे कारणच उरले नव्हते. संपूर्ण वाट अशीच गेली. रात्री तंबूत पडल्यावर दिवसभराच्या वाटेतला एकही धोंडा मला आठवेना. पूर्वी मी झोपेत ओळी लावत असे. टायरने झोप दिली, हे मला कबूल केले पाहिजे. गाढ झोप दिली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एक तरुण मुलगी आमच्या गटात आली, वडिलांची जुनी 2004ची रुबिकॉन घेऊन, मूळच्या मापाच्या टायरांवर. गटातल्या तिघांनी तिला टायर बदलून मगच यायला हवे होते असे प्रेमाने सांगितले, आणि चौथा मी होतो. बिग स्लूसच्या तोंडाशी तिने गाडी थांबवली, उतरली, चालत खाली गेली, वर आली आणि मला म्हणाली, तुम्ही इथे पुष्कळदा आला आहात, मला जरा पुढे उभे राहून दाखवाल का?

मी पुढे गेलो. हात वर केला, आणि मला काही सांगता येईना. माझ्या मोठ्या टायरांच्या उंचीवरून ही वाट दिसते कशी हे मला माहीत होते. तिच्या उंचीवरून ती कुठे लागते, हे मी विसरलो होतो. तिचे इंजिन वर धुगधुगत होते आणि ती माझ्या हाताकडे पाहत होती.

तेव्हा मी गुडघ्यांवर बसलो आणि तो दगड शोधला. कोपऱ्यातला गारेचा खडा आता तिथे नव्हता. त्याच्या जागी सुपारी मावेल एवढी खाच होती, आणि पायथ्याची माती निदान हातभर खाली गेली होती. चंदेरी रेघा वाढल्या होत्या. त्यांतली काळीकुट्ट, रुंद रेघ रबराची होती, माझ्यासारख्या कुणाच्या तरी टायरची. मी तिच्या गाडीच्या पोटाखालची जागा डोळ्यांनी मोजली, मग हाताने. एक वीत. आजूबाजूचे चपटे दगड गोळा करून पायथ्याच्या खड्ड्यात रचायला घेतले, तर ती वरून उतरून आली आणि काही न विचारता तिनेही दगड आणायला सुरुवात केली. मागे थांबलेल्या मोठ्या टायरांच्या गाड्यांनी एकदा हॉर्न वाजवला.

रचून झाल्यावर मी पुन्हा उभा राहिलो आणि उजवा हात बाजूला धरला. उजवे चाक, खाचेवर. थोडे. आणखी थोडे. आता थांब.